कागदगिरणीतला ढग

ढग म्हणतात त्याला.
पण त्याला पत्ता आहे, कुंपण आहे, दोन कुत्री आहेत,
आणि रात्रपाळीला आइला आहे.

फिनलंडच्या आखाताकाठी, जिथे तिचा बाप वाइनो
एकतीस वर्षं कागद करत होता,
त्याच लांबुडक्या विटांच्या शेडमध्ये
आता कपाटांच्या रांगा,
आणि कपाटांतून घुमणारी यंत्रं.
लगद्याचा वास मात्र गेला नाही.
हवेने ओल धरली की भिंतींतून येतो.

वाइनोने एकदा विचारलं होतं, कॉफी ढवळत:
"म्हणजे तू गोदामवाली."
"हो."
"मग माल कुठाय?"

माल असा एका जागी नसतोच, बाबा.
कुणी एक फोटो पाठवतो,
तर त्याचे आधी तुकडे होतात.
तुकड्यातुकड्याला कुलूप. किल्ली माझ्याकडे नसते.
मग प्रत्येकाच्या तीन प्रती:
एक इथे, एक आयर्लंडला, एक आणखी कुठे तरी,
आणि कुठे काय ठेवलं याची खतावणी,
तिच्याही प्रती.
वाइनो बराच वेळ गप्प.
"आमचं एक रीळ फाटलं
तर मुकादम तीन दिवस बोलायचा नाही."

आज पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी
चौदाव्या रांगेत, खालून दुसऱ्या कप्प्यात
हिरवा दिवा पिवळा झाला.
एक डिस्क मेली.
भोंगा नाही, धावपळ नाही.
आइला पोचेपर्यंत बाकीच्या यंत्रांनी
दूरच्या प्रतींवरून नवी उतरवायला घेतलीही होती,
जसे मयताच्या घरी शेजारी
न सांगता पिठलं-भाकरी घेऊन येतात.
तिने खटका दाबला, जुनी ओढली, नवी सारली.
जुनी अजून कोमट होती.
उद्या तिचा चुरा होईल, तांदळाच्या कण्यांएवढा.

कुणाची होती?
कळायला मार्ग नाही. म्हणून मी आपला जोडतो:
बोलिव्हियात, ओरुरोत, बेनेदिक्ता कोंदोरी नावाची शिंपीण.
कार्निव्हलच्या एकशे चाळीस नाचणाऱ्यांची मापं
तिच्या फोनमध्ये,
आणि फोन मिनीबसच्या सीटखाली घसरून
तिच्याशिवायच ला पाझला गेलेला.
नऊ दिवस हातात.
भाच्याने आपला तडकलेला फोन दिला.
तिने नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला
(लहानपणच्या लामाचं नाव, पुढे तो मेला ते वर्ष)
आणि भिंतीला पाठ लावून बसली.
छाती, कंबर, बाही.
छाती, कंबर, बाही.
मापं येत गेली, जणू आतल्या खोलीतून कुणी वाचून दाखवतंय.
तिने आभाळाकडे पाहिलं नाही.
सुईत दोरा ओवला.

आणि नाचाच्या रात्री सगळं शहर एकदम व्हिडिओ चढवू लागेल,
तेव्हा कुठल्या तरी शेडमध्ये निजलेली यंत्रं उठतील,
लग्नाला भाड्याने आणलेल्या पातेल्यांसारखी.
लग्न उरकलं की परत.
भाडं वापरलं तेवढंच.

सहाला पाळी सुटते.
कपाटांची ऊब पाण्यात उतरते,
पाणी जमिनीखालून गावात जातं;
आइलाच्या खिडकीखालचा लोखंडी पाइप
वाइनो असतानाही याच शेडवर तापायचा.
तिथे हात टेकून ती फोन काढते.
ढगात काम करते म्हणून काय झालं,
तिलाही परवलीचा शब्द लागतोच.

एकोणीस सेकंद. गेल्या मार्चमधले.
आत्ताच जिथून निघाली तिथून आले,
की आयर्लंडहून समुद्राखालून,
तिला सांगता येणार नाही.

"आइला, कॉफी संपलीय.
येताना आण. ती गडद भाजलेली नको."
मग खोकला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

ती घड्याळ बघते.
दुकान आठला उघडतं.